स्थानक सुरू झालं, दार राहून गेलं

२६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. जिन्यावरून उतरणारं गढूळ पाणी आणि भिजलेला फलाट दाखवणारी ती चित्रफीत मुंबईत मोठा पाऊस झाला की पुन्हा मोबाइलवर फिरू लागते, आणि तिच्यामागोमाग तोच जुना वाद. एका बाजूचे म्हणतात, समुद्रात भर घालून वसवलेल्या शहरात भुयारी मेट्रो हवीच कशाला, हजारो कोटी अक्षरशः पाण्यात गेले. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, पाऊसच तसा होता, जगात सगळीकडे असं होतं, तुम्हाला विकास बघवत नाही. आरेतल्या कारशेडच्या, म्हणजे गाड्यांच्या आगाराच्या, वादापासून मेट्रो ३ या मार्गिकेबद्दल बोलायचं म्हणजे आधी गट निवडायचा अशी सवयच लागली आहे, त्यामुळे स्थानकात पाणी नेमकं कुठून आलं हा साधा प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारत नाही. तो विचारला तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. पाणी भुयारातून झिरपलं नव्हतं आणि छतावर पडलेल्या पावसाचंही नव्हतं. ते रस्त्यावरून, बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशमार्गातून आत आलं. म्हणून या लेखाची मागणी एवढीच आहे: ज्या भुयारी स्थानकाचा एक जरी प्रवेशमार्ग रस्त्याच्या बाजूने अर्धवट आहे, ते पावसाळ्याच्या तोंडावर प्रवाशांसाठी उघडू नये. उघडायचंच असेल तर त्या अर्धवट वाटेवर कायमच्या बांधकामाच्या तोडीची भिंत असावी आणि ती स्थानकाच्या आतल्या अंगाला असावी.

घटनाक्रम माहीत असलेला बरा. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मेट्रो ३ म्हणजे ३३.५ किलोमीटरची मार्गिका. २७ स्थानकं, त्यातली आरे सोडून २६ भुयारी. ती तीन टप्प्यांत खुली झाली. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑक्टोबर २०२४ मध्ये, बीकेसी ते आचार्य अत्रे चौक १० मे २०२५ पासून, आणि तिथून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे दुसरा टप्पा प्रवाशांसाठी उघडून सोळा दिवस झाले होते, तेव्हा हे घडलं. ही मार्गिका बांधणाऱ्या मुंबई मेट्रो रेल महामंडळाच्या खुलाशानुसार डॉ. अॅनी बेझंट रोडच्या बाजूला एका प्रवेशमार्गाचं काम चालू होतं, तिथे पाणी अडवण्यासाठी आरसीसी भिंत बांधलेली होती, शेजारच्या एका भूमिगत वाहिनीतून अचानक पाणी आलं आणि ती भिंत कोसळली. कोणाला इजा झाली नाही. त्या दिवशी गाड्या आरेहून एक स्थानक अलीकडच्या वरळी स्थानकापर्यंत चालू राहिल्या, फक्त तिथून आचार्य अत्रे चौकापर्यंतचा शेवटचा तुकडा बंद ठेवला गेला. वरळीपर्यंत गाड्या चालल्या, हा तपशील लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आता स्थानकाची रचना. बहुतेक भुयारी स्थानकं ‘कट अँड कव्हर’ पद्धतीने, म्हणजे वरून खोदून बांधतात. आधी चारी बाजूंनी जमिनीत काँक्रीटच्या भिंती किंवा एकमेकांत घुसवलेले काँक्रीटचे खांब (पाइल) उतरवायचे, मधली माती-खडक काढायचा, तळाचा जाड स्लॅब, वर कॉनकोर्स म्हणजे तिकिटांचा मजला, त्यावर छत, आणि मग रस्ता पुन्हा जागेवर. ही झाली मुख्य पेटी. तिला बाहेरून वॉटरप्रूफिंगचा थर असतो, सांध्यांमध्ये वॉटरस्टॉप पट्ट्या असतात, आणि तरीही जे थोडं झिरपतं ते फलाटाखालच्या नाल्यांतून सर्वांत खालच्या टाकीत (सम्पमध्ये) जाऊन पंपाने वर फेकलं जातं. एवढं पाणी येणारच असं गृहीत धरूनच आराखडा केलेला असतो. प्रवेशमार्ग मात्र या पेटीबाहेरचे असतात. ते पदपथावरून खाली उतरणारे वेगळे बोगदे. पेटीच्या भिंतीत ठेवलेलं भोक फोडून ते कॉनकोर्सला जोडतात. पेटी आणि बोगदा वेगवेगळ्या पायावर उभे, दोघं वेगवेगळे खचतात, म्हणून हा सांधा पाण्याच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक. शिवाय पेटी रस्त्याखाली असते आणि प्रवेशमार्ग पदपथाखाली, आणि मुंबईत पदपथाखाली काय नसतं? पर्जन्यवाहिन्या, मलवाहिन्या, जलवाहिन्या, विजेच्या आणि दूरसंचाराच्या केबली, शिवाय नकाशावर नसलेल्या जुन्या विटांच्या गटारी. त्या हलवायच्या, जागा ताब्यात घ्यायची, शेजारच्या इमारतींशी बोलणी करायची, या सगळ्यात प्रवेशमार्ग मागे पडतात. रूळ, सिग्नल, वीज आणि गाड्या तयार होऊनही दोन-तीन दारं राहून गेलेली असतात, हे नेहमीचंच.

राहिलेलं दार किती धोक्याचं, हे आकड्यांत मांडलं की लख्ख दिसतं. समजा प्रवेशमार्गाचा उघडा खड्डा २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर थेट त्या खड्ड्यात पडणारं पाणी होतं ८ घनमीटर, म्हणजे तासाभरात आठ हजार लिटर. एक मध्यम पंप ते सहज काढतो. आता दुसरं चित्र पाहा. रस्त्यावर फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी साचलंय आणि खड्ड्याभोवतीच्या भिंतीचा सहा मीटरचा तुकडा पडला. बांधावरून वाहणाऱ्या पाण्याचं नेहमीचं सूत्र लावलं तर सेकंदाला साधारण १,७०० लिटर पाणी आत येतं. मिनिटाला एक लाख लिटर. सेकंदाला ५० लिटर फेकणारे तीसहून जास्त पंप एकाच वेळी चालवावे लागतील, आणि त्यांना वीज पुरवणारी यंत्रणा त्याच स्थानकाच्या पोटात असते. तेव्हा ‘पंप का नव्हते’ हा प्रश्नही गैरलागू, आणि ‘पाऊसच फार होता’ हे उत्तरही तोकडं. स्थानकाच्या उघड्या खड्ड्यावर पडणारा पाऊस नगण्य असतो. भिंत पडली की आसपासच्या कित्येक एकरांवर पडलेला पाऊस एकाच तोंडाने आत येतो.

भुयारी मेट्रोच्या विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा भूगोलाचा आहे आणि तो खरा आहे. वरळी हे मूळ सात बेटांपैकी एक. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बंद केली, आणि मागची जमीन कोरडी झाली तरी सखलच राहिली. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी पर्जन्यवाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर जाते, पाणी आपोआप बाहेर पडत नाही, म्हणून तर महापालिकेला वरळी भागातच लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर अशी दोन उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं उभारावी लागली. शहराच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने तो हिशेब ५० मिलिमीटरवर नेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा शहरात रस्त्यावर पाणी साचणार, हे धरूनच चालायला हवं.

पण यातून ‘भुयार नको’ हा निष्कर्ष निघतो का? बँकॉक मुंबईपेक्षा सपाट आहे, मऊ चिकणमातीवर बसलंय आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे. तिथली भुयारी मेट्रो २००४ मध्ये सुरू झाली. २०११च्या महापुरात थायलंडचा मोठा भाग आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होता, तेव्हाही ती चालू राहिली. तिथे प्रवेशद्वारापाशी आधी मीटरभर पायऱ्या चढून जावं लागतं आणि मग खाली उतरावं लागतं. पाणी त्याहून वर आलं तर दाराशी फळ्या बसवायची सोय असते. कोलकात्याची मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी सुरू झाली, तीही गंगेच्या गाळात खोदून. चार दशकांचे पावसाळे तिने काढले. ती निर्दोष नाही. मे २०२४च्या रेमाल चक्रीवादळात पार्क स्ट्रीट स्थानकात रुळांवर पाणी आलंच. तरी ‘ओल्या शहरात भुयार म्हणजे वेडेपणा’ असं कोलकात्यात कोणी म्हणताना दिसत नाही. सखल जमीन ही आराखड्याची पहिली अट असते, आणि पूररेषेच्या वर उंबरठा ठेवून ती पुरी करता येते. प्रश्न इतकाच की उंबरठाच अजून बांधलेला नसेल तर काय.

दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा टप्प्याटप्प्याने उघडण्याचा. ३७ हजार कोटींहून अधिक खर्चाची मार्गिका, त्यातला मोठा हिस्सा जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज. तयार असलेला तुकडा शेवटचा जिना पुरा होईपर्यंत कुलूप लावून ठेवणं म्हणजे व्याज भरत बसणं आणि प्रवाशांना रस्त्यावरच्या कोंडीत सडवणं. दिल्ली मेट्रोसुद्धा डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी एवढ्याशा तुकड्याने सुरू झाली आणि तशीच तुकड्यातुकड्यांनी वाढली. हे सगळं मान्य. मग टप्पा कुठे तोडायचा, हा प्रश्न उरतो. लंडनची एलिझाबेथ लाइन २४ मे २०२२ला सुरू झाली तेव्हा बाँड स्ट्रीट स्थानक तयार नव्हतं. शहराच्या ऐन मध्यातलं, खरेदीच्या रस्त्यावरचं स्थानक! त्यांनी मार्गिका थांबवली नाही, स्थानक बंद ठेवलं. पाच महिने गाड्या तिथे न थांबता पुढे जात होत्या; स्थानक ऑक्टोबरमध्ये उघडलं. आता वरळीची ती गोष्ट आठवा. २६ मेला पाणी शिरल्यावर गाड्या वरळी स्थानकावरून मागे फिरवल्या गेल्या. म्हणजे मार्गिका एक स्थानक आधी संपवून चालवता येत होती. शेवटच्या स्थानकाआधी गाडी फिरवली तर दोन गाड्यांमधलं अंतर कदाचित वाढलं असतं, ही किंमत खरी. पण तीन-चार महिन्यांसाठी ती किंमत जास्त होती का?

‘पाऊस लवकर आला’ या सबबीचं काय? तो आला हे खरं. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि कुलाब्यात त्या महिन्याने १९१८पासूनचा मे महिन्याचा विक्रम मोडला. पण महामंडळाने स्वतःच सांगितलं होतं की तो प्रवेशमार्ग पुढल्या तीन महिन्यांत सुरू होणार होता. तीन महिने म्हणजे ऑगस्ट. मान्सून वेळेवर, ११ जूनलाच आला असता, तरी जून आणि जुलै त्या तात्पुरत्या भिंतीलाच झेलायचे होते. बेत मुळातच असा होता की पावसाळ्यातले जोराचे दोन महिने एक तात्पुरती भिंत स्थानक राखील. तिची परीक्षा पंधरवडाभर आधी झाली, एवढंच लवकर आलेल्या पावसाचं योगदान.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत मवाळ आणि म्हणून सगळ्यांत फसवा: कोणी जखमी झालं नाही, काही दिवसांत स्थानक पूर्ववत झालं, काम तात्पुरतं होतं, एवढा गहजब कशाला? भुयारी रेल्वेचा इतिहास बघितला तर ‘तात्पुरतं’ हाच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. न्यूयॉर्कचं साउथ फेरी स्थानक २००९ मध्ये नव्याने बांधून उघडलं, खर्च पन्नास कोटी डॉलरहून अधिक. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या आधी त्याच्या दाराशी प्लायवूड आणि वाळूच्या पोत्यांची तटबंदी उभारली होती. ती टिकली नाही. खारं पाणी छतापर्यंत चढलं आणि स्थानक पुन्हा उघडायला जून २०१७ उजाडलं. मधल्या काळात मोडीत काढलेलं जुनं स्थानक झाडूनपुसून वापरावं लागलं. चीनच्या चंगचौ शहरात २० जुलै २०२१ला एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला. मेट्रोच्या एका डेपोभोवतीची पाणी अडवणारी भिंत फुटली, पाणी डेपोतून पाच क्रमांकाच्या मार्गिकेच्या बोगद्यात शिरलं, आणि अडकलेल्या गाडीत चौदा प्रवासी बुडाले. ती मार्गिका तेव्हा दोन वर्षांची होती. सरकारी चौकशीने पावसाला दोष देऊन विषय मिटवला नाही. डेपोच्या आराखड्यात केलेले बदल, भिंतीचा दर्जा आणि गाड्या थांबवायला झालेला उशीर या तिन्हींवर बोट ठेवलं. वरळी आणि चंगचौ यांची तुलना नुकसानीच्या बाबतीत होऊच शकत नाही. पण बिघाडाची साखळी तीच आहे: वर साचलेलं पाणी, त्याला अडवणारी एकच भिंत, आणि तिच्यामागे थेट प्रवासी.

किरकोळ म्हणून सोडून देण्याची सवय किती महागात पडते हे लंडनच्या किंग्ज क्रॉसने १९८७ मध्ये दाखवलं. लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या ग्रीस आणि कचऱ्याला आग लागून ३१ माणसं मेली. चौकशीत दिसलं की अशा आगी तिथे वर्षानुवर्षं लागत होत्या आणि कर्मचारी त्यांना आग न म्हणता नुसतं धुमसणं म्हणत. मेट्रो ३ च्या बाबतीतही वरळी ही पहिली सूचना नव्हती. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी बीकेसी स्थानकाच्या ए-४ प्रवेशमार्गापाशी ठेवलेल्या लाकडी सामानाला आग लागली, धूर स्थानकात आला आणि सेवा थांबवावी लागली. पहिला टप्पा सुरू होऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता. एकदा धूर, एकदा पाणी. दोन्ही वेळा वाट तीच: प्रवेशमार्ग. बोगद्यात काही झालं नाही, रुळावर नाही, गाडीत नाही. ही नुसती योगायोगाची गोष्ट मानायची का?

मार्गिका खुली करण्याआधीच्या तपासण्या पाहिल्या तर उत्तर मिळतं. मेट्रो रेल सुरक्षा आयुक्त (जो रेल्वेच्या नव्हे तर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणजे बांधणाऱ्यापासून मुद्दाम वेगळा ठेवलेला) रूळ, सिग्नल, गाड्या, ओव्हरहेड वीज, फलाटावरचे सरकते दरवाजे, बोगद्यातले धूर काढणारे पंखे पाहतो. अग्निशमन दलाचं ना-हरकत, लिफ्टची आणि विजेची तपासणी वेगळी. ही व्यवस्था गाडीभोवती उभी राहिली आहे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण रेल्वेचे जुने अपघात गाड्यांचेच असत. अर्धवट प्रवेशमार्ग या चौकटीत ‘उर्वरित काम’ म्हणून बसतो. सुटकेसाठी लागणारे पुरेसे जिने चालू आहेत ना, एवढं जुळलं की बाकीची दारं मागाहून. पण प्रवासी बाहेर पडण्याच्या हिशेबात जे दार जमेस धरलेलं नाही, ते पाणी आत येण्याच्या हिशेबात जमेस धरावंच लागतं. स्थानकाची पूरपातळी त्याच्या सर्वांत बुटक्या भोकाएवढीच असते, मग ते भोक जनतेसाठी उघडं असो वा पत्र्यांनी झाकलेलं.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. पेटीच्या भिंतीतलं भोक प्रवेशमार्ग पूर्ण होईपर्यंत फोडायचंच नाही. फोडलं असेल तर त्या तोंडावर, कॉनकोर्सच्या बाजूला, काँक्रीट किंवा पोलादाचा बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणारा पक्का पडदा, बसवायचा. म्हणजे रस्त्याकडची भिंत पडली तरी पाणी अर्धवट बोगद्यात भरेल आणि तिथेच थांबेल. २६ मेला पाणी स्थानकाच्या आत पोचलं, याचा अर्थ अशी दुसरी तटबंदी नव्हती किंवा ती टिकली नाही. रस्त्याकडच्या भिंतीची रचना करताना एका बाजूने पूर्ण उंचीचं पाणी आणि भिजलेल्या मातीचा दाब धरायचा, आणि खड्ड्याच्या वीस-पंचवीस मीटरच्या परिघातली प्रत्येक वाहिनी शोधून, आतून कॅमेरा फिरवून, लागेल तिथे वळवून घ्यायची. ‘शेजारच्या वाहिनीतून अचानक पाणी आलं’ हे कारण खरंच असणार, पण पावसाळ्यात पर्जन्यवाहिनीतून पाणी येणं यात अचानक काय आहे? खुलं करण्याच्या प्रस्तावासोबत एक तक्ता जोडायला लावावा: स्थानकाची सगळी भोकं, म्हणजे दारं, वायुवीजनाचे शाफ्ट, केबलींचे मार्ग, अर्धवट खड्डे, प्रत्येकाच्या उंबरठ्याची पातळी, आणि तिथली उच्चतम पूरपातळी. ज्या ओळीत पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी, ते स्थानक थांबेल.

एक अडचण मात्र खरी आहे. उंबरठा मीटरभर उचलायचा म्हटलं की चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उताराने बारा मीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि मुंबईच्या दोन-अडीच मीटर रुंद पदपथावर तो बसवायचा कुठे? म्हणून आराखडा करणाऱ्याला मोह होतो: जोतं थोडं खाली ठेवू, वेळ आली की फळ्या लावू. पण फळ्या पहाटे तीनला कोणीतरी आणून लावाव्या लागतात, रबरी पट्टी कडक झालेली नसावी लागते, खाचेत गुटख्याची पाकिटं अडकलेली नसावी लागतात. फळ्यांवर भिस्त ठेवायची तर दर वर्षी मे महिन्यात त्या प्रत्यक्ष लावून, पाणी सोडून पाहण्याची कवायत हवी. नाहीतर पदपथाची आणखी जागा घ्यावी, लिफ्टची चौकी उंच जोत्यावर बांधावी आणि रॅम्प तिच्याभोवती वळवावा.

हे आत्ता लिहायचं कारण पुण्यात आहे. स्वारगेट ते कात्रज ही भुयारी वाढीव मार्गिका ज्या भागातून जाते त्याच भागातून कात्रजच्या तलावाकडून आंबिल ओढा उतरतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्या ओढ्याला आलेल्या पुराने काय केलं हे सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पूल इथल्या लोकांना विचारायची गरज नाही. त्या पाण्याच्या खुणा अजून मोजता येतात. प्रत्येक नियोजित प्रवेशद्वाराच्या जागी त्या रात्री पाणी किती चढलं होतं, हा आकडा पुणे मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोने नकाशावर टाकून जाहीर करावा, आणि कंत्राटात एक कलम असावं: १ जून ते ३० सप्टेंबर या काळात चालू स्थानकाला जोडलेला कोणताही प्रवेशमार्ग आतल्या बल्कहेडशिवाय राहणार नाही. स्थानकं बांधून होण्याआधी या कलमाचा खर्च काही टन पोलादाचा आहे.